हात माझा, चिठ्ठी मानपाड्याची

आमच्या घरात आता मला चिठ्ठी उचलू देत नाहीत. सोसायटीच्या पार्किंगची सोडत असली तरी सुनंदा, म्हणजे माझी बायको, स्वतः जाते. जाताना वर बजावते, "तू घरीच थांब. आणि मनातसुद्धा काही उचलू नकोस!"

याला कारण फुटबॉल.

माझी मुलगी ऋजुता डोंबिवलीजवळच्या आमच्या कोपरच्या मुलींच्या संघाची गोलकीपर आहे. संघाचं नाव 'खाडीकन्या'. आठवडाभर ती वागळे इस्टेटमधल्या एका लॅबमध्ये पाण्याचे नमुने तपासते आणि रविवारी चिखलात लोळते. (लहानपणी 'चिखलात जाऊ नकोस' म्हणून आम्ही जेवढं ओरडलो, तेवढं सगळं फुकट गेलं.) संघात मुली सात आणि आम्ही चाहते चाळीस. त्यातली सगळ्यात कडवी चाहती माझी आई, वय वर्षं शहात्तर. तिला कॉर्नर कशाला म्हणतात ते कळत नाही, पण माणूस कळतो. "तो शिट्टीवाला आपला नाही," हे तिचं मत दुसऱ्या मिनिटाला तयार असतं. तिच्या खालोखाल मंदाताई. खाडीवरच्या जुन्या कोळी घरातल्या. त्यांची हर्षदा आमची स्ट्रायकर. मंदाताईंनी इकडून "पास दे गं!" अशी हाक मारली की पलीकडे क्रिकेट खेळणारा बोलरसुद्धा दचकून बॉल टाकून देतो.

तर यंदा ठाणे, कल्याण, डोंबिवली मिळून महिलांचा चषक ठरला. आठ संघ. हरला तो घरी. पहिल्या फेरीत चार संघ यजमान आणि चार पाहुणे. यजमानांच्या प्रत्येकी एका माणसाने डब्यात हात घालून आपला पाहुणा उचलायचा, असा ड्रॉ होता. कोपर यजमान होतं. आणि पाहुण्यांच्या चार चिठ्ठ्यांत एक चिठ्ठी होती 'येऊर वाघिणीं'ची!

येऊर वाघिणी म्हणजे ठाण्याचा संघ. त्यांची स्वतःची बस आहे. त्यांच्यासोबत पाय चोळायला वेगळी बाई असते. त्यांच्या कॅप्टनने शाम्पूच्या जाहिरातीत काम केलंय. अशा संघाने आमच्या मैदानात यावं आणि आम्हाला सहा-शून्य मारून जावं, एवढीच आम्हा चाळीस जणांची इच्छा होती. जिंकायचं वगैरे कुणाच्या डोक्यातही नव्हतं! आईला त्या कॅप्टनचे केस खरे आहेत का, ते जवळून बघायचं होतं. मंदाताईंना ठाणेकरांना तळलेले बोंबील खिलवायचे होते. सुनंदाने नवीन ड्रेस शिवायला टाकलेला. आणि मी? मी बॅनर छापून मोकळा झालेलो.

"ड्रॉच्या आधी बॅनर?" सुनंदाने विचारलं.

"अगं, चारात एक म्हणजे जवळजवळ नक्कीच."

(मी एका नटबोल्टच्या कंपनीत मालमोजणीला आहे. माझं गणित तिथेही असंच चालतं.)

बॅनरवर मोठ्या अक्षरात होतं, 'ठाणेकरांनो, कोपरच्या खाडीत आपले स्वागत आहे!' छापून आल्यावर त्याचे दोन अर्थ होतात हे लक्षात आलं, पण आता इलाज नव्हता.

चिठ्ठी उचलायला मी स्वतःहून पुढे झालो. कुणी नेमलं नव्हतं. तयारी म्हणून घरी साबुदाण्याच्या डब्यात चार चिठ्ठ्या टाकून सराव केला. सात वेळा उचलली, पाच वेळा ठाणं आलं. आई म्हणाली, "अवीच्या हाताला गुण आहे हो." आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाली.

ड्रॉ डोंबिवली पूर्वेला एका हॉलमध्ये होता, रविवारी सकाळी. त्याचं मोबाइलवर थेट प्रक्षेपण होतं, म्हणून आमच्या दिवाणखान्यातल्या टीव्हीसमोर अख्खं चाहतामंडळ जमलेलं. हॉलमध्ये प्रमुख पाहुण्यांनी 'खेळ आणि स्त्रीशक्ती' या विषयावर पाऊण तास भाषण केलं. त्यात फुटबॉल हा शब्द एकदा आला, तोही 'व्हॉलीबॉल' असा. मग चिठ्ठ्यांचा डबा आला. डबा म्हणजे पेढ्यांचा रिकामा खोका. नीट पुसलेलासुद्धा नव्हता.

पहिला नंबर माझा. मी हात घातला. कॅमेरा माझ्यावर. एक चिठ्ठी हाताला लागली. उचललीच होती हो! अर्धी वर आलेली! पण ती चिकट लागली. पेढा लागलेला. आणि माझ्या डोक्यात आलं, ठाण्याची चिठ्ठी अशी चिकट कशी असेल? घोडबंदर रोडच्या टॉवरमधली माणसं ती! त्यांची चिठ्ठी कोरडी, कडक, इस्त्री केल्यासारखी असणार. म्हणून मी ती सोडली आणि कोपऱ्यातली एक छान कडक चिठ्ठी उचलली.

निवेदिकेने ती उघडली आणि वाचलं, "मानपाडा महिला कामगार संघ!"

टाळ्या वाजल्या नाहीत. फक्त पंखा वाजत होता.

त्यानंतर कल्याणच्या बाईंनी हात घातला आणि मी सोडलेली तीच चिकट चिठ्ठी उचलली. येऊर वाघिणी! कल्याणवाले खुर्च्यांवर उभे राहून नाचले. त्या बाईंनी तर चिठ्ठीचा पेढा चाटला.

मानपाडा म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगायला हवं. ठाण्यातलं नव्हे, डोंबिवलीतलं मानपाडा; तिथल्या कारखान्यांत मसाले, अगरबत्त्या वगैरे पॅक करणाऱ्या बायकांचा हा संघ. सगळ्या चाळिशीच्या आसपासच्या. त्या गोल करत नाहीत. गोल करायची त्यांना इच्छाच नसते. सातही जणी आपल्या गोलसमोर दळणाच्या रांगेत उभ्या राहाव्या तशा उभ्या राहतात, गप्पा मारतात आणि बॉल आला की तो बाहेर टाकून पुन्हा गप्पा मारतात. गेल्या तीन वर्षांत तीनदा त्यांची-आमची गाठ पडली. तिन्हीदा शून्य-शून्य. मग पेनल्टीवर कधी त्या, कधी आम्ही. एका मॅचला रेफ्रीच शिट्टी तोंडात धरून पेंगलेला मी पाहिलाय.

हॉलच्या पायऱ्या उतरेपर्यंत माझा फोन थरथरून गरम झालेला. आमच्या चाहत्यांच्या ग्रुपवर सगळ्यांच्या प्रतिभेला बहर आलेला.

'मानपाडा? गेल्या वर्षीची मॅच संपली होती का नक्की?'

'येताना उश्या आणा. चादरी मंडळातर्फे.'

'ड्रॉमध्ये ड्रॉच निघाला!'

'प्रवेश फुकट आहे तरी महाग वाटतोय.'

'अवीकाका, तुम्ही चिठ्ठी सोडलीत तेव्हा इथे बारा जण ओरडले. एक तर रडला.'

घरी आलो तर दारातच मंदाताई. "काय केलंस रं ह्या?" त्यांनी कपाळावर हात मारला. "मी चार किलो बोंबलाचं सांगून ठेवलंय. मानपाड्याच्या बायका डबे घेऊन येतान! तुला येक चिठ्ठी उचलाची व्हती!"

आई टीव्हीकडे तोंड करूनच बोलली. "परत जा आणि ही नको म्हणून सांग. बदलून देतात."

"आई, ती साडी आहे का?"

"साडी असती तर मी स्वतः गेले असते. तुला पाठवलं नसतं."

एवढ्यात ऋजुता आतून आली आणि तिने मला कडकडून मिठी मारली. "बाबा, थँक्यू! कसली भारी चिठ्ठी काढलीस!"

दिवाणखान्यातल्या चाळीस माना वळल्या.

"अरे, असे काय बघताय? मानपाड्याला आम्ही हरवू शकतो! सेमीफायनलला जाऊ. वाघिणींनी आमचा भुगा केला असता."

आमचा संघ जिंकूही शकतो, ही बातमी पचवायला लोकांना वेळ लागत होता. शेवटी मागून कुणीतरी पुटपुटलं, "पण त्यांची बस आली असती ना..."

ऋजुताचा चेहरा पडला. ती मला म्हणाली, "निदान तू तरी ये, बाबा. आणि नीट बघ. मी लाँग किकचा सराव करतेय महिनाभर." मी म्हटलं, "अगं, बघणार म्हणजे काय! डोळ्यात तेल घालून बघणार."

पण माणसाचा स्वभाव. लोकांचे टोमणे मला सहन होईनात. सोमवारी मी आयोजकांना फोन केला की चिठ्ठी चिकट असणं हा तांत्रिक दोष आहे, ड्रॉ पुन्हा घ्या. पलीकडचा मुलगा नम्रपणे म्हणाला, "काका, तुम्ही उचलली ती चिकट नव्हती." मंगळवारी मी मिठाई घेऊन कल्याणच्या त्या बाईंकडे गेलो. "आपण पाहुणे बदलून घेऊ या का? मानपाडा फार सज्जन संघ आहे." त्यांनी मिठाई घेतली, मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "आमच्याकडे मांडव पडलाय हो." बुधवारी मी बॅनरवर 'ठाणेकरांनो'च्या जागी 'मानपाडेकरांनो'ची पट्टी चिकटवली. पट्टी लांब झाली, म्हणून टोक कापलं, तर तो तुकडा 'आपले स्वागत'मधल्या 'आपले'वर जाऊन चिकटला. उरलं, 'मानपाडेकरांनो, कोपरच्या खाडीत स्वागत आहे!' धमकी होती ती जास्तच स्पष्ट झाली.

रविवारी चारला मॅच. आमचे चाळीसपैकी अकरा आले. त्यातले दोघे खरोखर उश्या घेऊन. आणि मानपाड्याहून तीन टेम्पो भरून माणसं आली! ढोल, पिपाण्या, आणि पुढे त्यांचा बॅनर. मी वाचला आणि चाट पडलो. त्यावर लिहिलेलं, 'पुन्हा कोपर? देवा, आम्ही काय पाप केलं!'

मी मनातून फार दुखावलो. म्हणजे कंटाळवाणे आम्ही?

पहिला अर्धा भाग नेहमीसारखा गेला. बॉल इकडून तिकडे, तिकडून बाहेर. मानपाड्याच्या बचावफळीत कुणाच्या तरी सुनेविषयी बोलणं चाललेलं, ते इतकं रंगलं की हर्षदासुद्धा दोन मिनिटं थांबून ऐकत राहिली. "हर्षदा! बॉल!" मंदाताई गरजल्या. हर्षदा दचकली, बॉल गेला.

दुसऱ्या भागात माझ्या शेजारी मानपाड्याच्या एक बाई येऊन उभ्या राहिल्या. गळ्यात शिट्टी, हातात थर्मास. कॅन्टीन सांभाळतात म्हणाल्या. नाव शिंदेबाई.

"तुमच्या संघाशी मॅच म्हणजे रविवार वाया हो," त्या म्हणाल्या. "आमच्या पोरींना कोपर सोडून कुठलाही संघ चालला असता. कोण तो माणूस होता चिठ्ठी उचलणारा? हातात आलेली सोडून दुसरी घेतली! आमच्याकडे सगळे त्याला शोधतायत."

"हो ना!" मी लगेच म्हणालो. "कोण येडा होता कोण जाणे!"

"तोंड बघितलंय मी मोबाइलवर. जाडसा, टक्कल..." त्या थांबल्या आणि माझ्याकडे निरखून बघू लागल्या.

माझ्या मागून आईचा आवाज आला. "अहो, हाच तो! माझाच आहे!"

आता माघार शक्य नव्हती. मी मैदानाकडे पाठ करून शिंदेबाईंकडे पूर्ण वळलो आणि खुलासा सुरू केला. पेढा, चिकटपणा, घोडबंदर रोड, सगळं. त्यांनी थर्मासमधला चहा दिला. मी म्हणालो, "बाई, खरं सांगू? या मॅचमध्ये कुणीही चिठ्ठी उचलली असती तरी काही घडणार नव्हतं. आजही घडणार नाही. मी लिहून देतो." आणि बोलता बोलता मला जांभई आली. दुपारचं जेवण जड झालेलं. जांभई मोठी होती. सावकाश आली, सावकाश गेली.

तेवढ्या वेळात मैदानावर एकदम कल्लोळ उठला. मी वळलो तर मानपाड्याच्या जाळ्यात बॉल पडलेला, ढोल बंद, आणि आमच्या सहाही पोरी ऋजुताच्या अंगावर! तिने आपल्या गोलपासून मारलेली लाँग किक वाऱ्यावर चढून, गप्पा मारणाऱ्या सगळ्यांच्या डोक्यावरून जाऊन, एक टप्पा खाऊन थेट आत गेलेली. गोलकीपरने केलेला गोल! कोपर-मानपाडा इतिहासातला पहिला गोल! मॅच आम्ही एक-शून्य जिंकलो. मंदाताईंनी चारही किलो बोंबील दोन्ही संघांना वाटून टाकले.

ऋजुता चिखलाने माखून माझ्याकडे धावत आली. "बाबा! बघितलंस?"

तिचे डोळे असे लकाकत होते की मी खोटं बोललो. "म्हणजे काय! काय टप्पा पडला! अंगावर काटा आला माझ्या!"

तिने चिखलासकट मला मिठी मारली. मला आतून फार वाईट वाटलं, पण म्हटलं, कोणाला कळणार आहे?

आयोजकांनी मॅचचं चित्रण करायला तिवईवर एक मोबाइल लावलेला. तो नेमका माझ्यासमोर, शिंदेबाईंच्या खांद्यामागे होता. संध्याकाळपर्यंत 'स्पर्धेतला सर्वोत्तम गोल' या नावाने ती क्लिप ठाणे ते कल्याण सगळ्या फोनांवर फिरत होती. ऋजुता ती दोनदा शांतपणे बघत राहिली. मी सोफ्याच्या कडेला चोरासारखा बसलेलो. तिसऱ्यांदा तिला हसू फुटलं, मग इतकं हसली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि माझ्या आईला म्हणाली, "आजी, ये, बघ, बाबाच्या अंगावर कसा काटा आलाय!"

त्या क्लिपमध्ये माझ्या मुलीचा गोल कुठेही दिसत नाही. दिसतो तो फक्त मी, जबडा पूर्ण उघडून. चित्रण इतकं स्वच्छ आहे, की दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दातांच्या डॉक्टरांचा आपणहून फोन आला, "अविनाशराव, अभिनंदन! आणि वरची डावी अक्कलदाढ काढून टाका. तिचा तसाही तुम्हाला काही उपयोग झालेला दिसत नाही."