फुंक्याचं नाक

कार्ब्युरेटरचा बारीक भोकाचा जेट ओठांत धरून फुंकायचा आणि शिट्टीच्या आवाजावरून कचरा कुठं अडकलाय ते सांगायचं, म्हणून त्या मिस्त्रीला सगळे फुंक्या म्हणत. तीस वर्षं तोंडात पेट्रोल गेलं. आधी जिभेची चव गेली, मग नाकाचा वास गेला. शेगडीवर भाजी करपली तरी ह्याला पत्ता नसायचा.

"नाक नुसतं शोभेला ठेवलंय," बायको म्हणायची. शेवटी तिनंच हट्ट धरला, की फुंकणं पुरे, जेट धुवायचं यंत्र आणा.

दुकानदारानं दोन यंत्रं दाखवली. दोन्ही पाण्याला थरथरवून घाण सोडवायची, पण एक पाणी तापवायचंही. फुंक्यानं तेच निवडलं.

"ह्यात पाणी आणि साबण एवढंच, काका. पेट्रोल घातलंत तर भडका उडेल."

"तू जन्मला नव्हतास तेव्हापासून धुतोय मी," फुंक्या हसला.

पण पहिलाच जेट पाण्यातून निघाला तो चिकटच. साबणानं भांडी निघतात, जेट नाही, असं पुटपुटत त्यानं पाणी फेकलं, पेट्रोल ओतलं आणि तापवायचं बटण दाबलं. यंत्र गुणगुणायला लागलं. फुंक्या स्टूल ओढून त्याला खेटून बसला.

पडवीतल्या गॅरेजला लागूनच स्वयंपाकघर होतं. तिथून बायको म्हणाली, "अहो, कसला वास सुटलाय हो एवढा? मी शेगडी पेटवतेय."

"मला तर काही येत नाही," फुंक्या म्हणाला. "पेटव खुशाल."