तांबं, सिलिकॉन आणि एका वर्षाची मुदत

नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर, जुलैतल्या एका दुपारी, नगर स्टेशनवर मी बंगळुरूच्या गाडीची वाट पाहत होते. ट्रंकेच्या झाकणाला आतून यादी चिकटवलेली: चादरी दोन, स्टोव्ह एक, शेंगदाण्याची चटणी, गुणपत्रिकांच्या प्रती सहा. राहुरीहून पोचवायला आलेले अण्णा, माझे वडील, साखर कारखान्यात फिटर. ते म्हणाले, "सामान सगळं हाय. आता एक ऐक, पोरी. पाथर्डीच्या पाव्हन्यांकडं म्या वर्षाची मुदत मागितलीय. तिथं तुझं पक्कं झालं तर शीक. न्हाई तर पुढच्या जुलैत घरी, अन् मग लग्नाला न्हाई म्हनायचं न्हाई."

मी "व्हय" म्हणाले. पहिल्या वर्षाअखेर तोंडी परीक्षा होती. ती पार झाली तरच पीएच.डी.ला नाव पक्कं.

राहुरीत राहिलेले अजून विचारतात, तू तिथं नेमकं करतेस काय? अणू कसे हलतात ते कॉम्प्युटरवर बघते. त्यासाठी कोणता अणू कोणाला किती ओढतो, किती ढकलतो, याचं सूत्र आधी द्यावं लागतं. त्याला आम्ही पोटेन्शियल म्हणतो. प्रत्येक पदार्थाचा स्वभाव वेगळा. सिलिकॉनचे अणू शेजाऱ्यांशी ठरावीक कोन धरून बसतात; तांब्याला कोनाचं काही नाही, त्याला भोवती गर्दी किती ते महत्त्वाचं. म्हणून सूत्रंही दोन. माझ्या मार्गदर्शक सरांनी मला सिलिकॉनवर तांब्याचा पातळ थर बसवायला सांगितला होता. आज असलं काम तयार सॉफ्टवेअरमध्ये चार ओळींत होतं. तेव्हा प्रोग्रॅम आपणच लिहायचा.

मी पद्धतशीर लिहिला. आधी सिलिकॉन एकटं चालवलं, मग तांबं. दोन्ही बरोबर. एकत्र चालवलं, तर तांब्याचा थर सिलिकॉनमधून धुरासारखा आरपार निघाला. एककं तपासली, अणू ज्या वेळेच्या टप्प्यानं पुढं सरकतात तो टप्पा निम्मा केला, आकडे पुन्हा टाइप केले. एकूण ऊर्जा जागची हलत नव्हती, म्हणजे हिशेब बरोबर. थर मात्र आरपार. तीन आठवडे असे गेले. परीक्षेला महिना उरला होता.

त्यातच माझा भाऊ संजू याचं लग्न केडगावच्या मुलीशी झालं. मला जाता आलं नाही. त्याची भरपाई म्हणून कोणी काय बघायचं याच्या मी पत्रातून दोन याद्या पाठवल्या होत्या, एक आमच्या बाजूची, एक मुलीकडची. लग्नानंतरच्या रविवारी एसटीडी बूथवरून शेजाऱ्यांकडे फोन लावला. आई आली.

"कसं झालं गं लग्न?"

"झालं म्हनायचं. मांडव हाय, तांदूळ हाय, हार हाय, टेम्पो हाय. अन् लग्न लावायला बौद्धाचार्यच न्हाईत!"

"म्हणजे?"

"आमाला वाटलं मुलीकडचे त्यांना सांगतील, मुलीकडच्यांना वाटलं आमी. संजूच्या मित्रानं फटफटीवर जाऊन शेतातनं आनलं त्यांना, चिखलाच्या पायानं. तुझ्या दोन्ही याद्या लई पक्क्या हुत्या बाई. फकस्त दोघांच्या मधलं कोन बघनार, ते कुठंच न्हाई!"

फोन ठेवला आणि तडक लॅबमध्ये गेले. प्रोग्रॅममध्ये तांबं-तांबं होतं, सिलिकॉन-सिलिकॉन होतं. तांबं-सिलिकॉन नव्हतं. दोघं एकमेकांना दिसतच नव्हते. जे नाहीच ते ऊर्जा तरी कशी बिघडवणार?

तिसरं सूत्र कोणी आयतं दिलेलं नव्हतं. मी दोन्हीकडच्या आकड्यांची सरासरी काढून नेली. सर म्हणाले, "हे सोयीचं आहे, खरं नाही." मग तांबं आणि सिलिकॉन मिळून जो पदार्थ होतो, त्यातली मोजलेली अंतरं घेऊन आकडे जुळवले. सव्वीस वेळा. सव्विसाव्या वेळी थर बसला. परीक्षेत चूक मी स्वतःच आधी सांगितली. कदाचित म्हणूनच पास झाले.

अण्णांना फोन केला. ते एवढंच म्हणाले, "मग पाथर्डीला उद्याच जातो. नकार चिठ्ठीनं धाडत न्हाईत."

तिथं काय झालं ते आईनं नंतर सांगितलं. पाहुणे टोमणा मारत म्हणाले, "पोरगी हातची गेली म्हना की." अण्णांनी खिशातून पेन काढलं, माझ्या हॉस्टेलचा पत्ता कागदावर लिहिला आणि त्यांच्यापुढं ठेवला. "हे तिचं घर. कधी बंगळुरूला आलात तर चहाला जावा."

त्या खोलीला मी स्वतःसुद्धा तोवर घर म्हटलं नव्हतं. एक लोखंडी खाट आणि टेबल. पण अण्णांनी परक्यांसमोर मान वर करून ज्याचा पत्ता दिला, ते माझं घर. त्यानंतर तीन घरं बदलली. प्रत्येक वेळी नवा पत्ता आधी त्यांना कळवला, मग सामान हलवलं.

पाथर्डीचे पाहुणेही आले एकदा, मुलाच्या नोकरीच्या मुलाखतीसाठी. चहा झाला, आणि मी त्यांना जेवायला थांबवून घेतलं.