रेडिएटरमधली हळद

आधीच सांगतो, मी बऱ्हाणपूरच्या एका शाळेत नववी-दहावीला सायन्स शिकवतो आणि असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. या ग्रुपवर लोक टाकतात ते गूढ अनुभव मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवायचो आणि आम्ही दोघं पोट धरून हसायचो. आता तुम्ही हसा खुशाल. गोष्ट एका सेकंडहँड जीपची आहे, पण तिच्यामुळे माझ्या वडिलांचा पाय जाता जाता राहिला, म्हणून लिहितोय.

अजून एक सांगायला हवं. मला किळस फार लवकर येते. पंगतीत शेजारच्याने भुरका मारून कढी प्यायली की माझं जेवण संपलं. घरात सगळ्यांना हे ठाऊक आहे, आणि सगळे मला सांभाळूनही घेतात.

आम्ही राहतो सिंधीपुऱ्यात. वडील, म्हणजे आबा, आई गेल्यापासून फोपनारला केळीच्या मळ्यात एकटेच असतात. वय बहात्तर, शुगर आहे, हट्ट त्याहून जास्त. मळ्याच्या वाटेवर पावसाळ्यात गुडघाभर चिखल होतो, म्हणून एका दलालाकडून जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप घेतली. रविवारी सकाळी आबांना घरी आणायचं आणि दिवस मावळायच्या आत परत सोडायचं, मुख्य काम एवढंच.

पहिल्याच रविवारी फोपनारहून निघालो आणि दहा मिनिटांत तापमानाचा काटा लालवर. बॉनेटमधून वाफ... आणि वास! हळदीचा, पण नुसता हळदीचा नाही. हळदीखाली काहीतरी कुजल्याचा. शिसारी आली मला. रुमाल नाकाला बांधून गाडी चालवली.

"इंजन म्हातारं झालं असन," आबा शेजारून म्हणाले.

लोधीपुऱ्यात गोकुळ मिस्त्रीचं गॅरेज आहे. त्याने इंजिन थंड होऊ दिलं, रेडिएटरचं झाकण उघडलं आणि आत बोट घालून माझ्या नाकासमोर धरलं. पिवळा, चिकट गाळ.

"हळद आहे सर. रेडिएटर गळतो ना, तर लोक हळद टाकून देतात. फुगते, भोक बुजून जातं. दोन-चार दिवस चालून जाते गाडी, तेवढ्यात विकून मोकळे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भोक तसंच ठेवायचं आणि वरून हळद थापायची! किती नालायक असावं माणसाने? मी त्या दलालाला मनातल्या मनात जेवढ्या शिव्या दिल्या, तेवढ्या वर्गातल्या कार्ट्यांनाही आजवर दिल्या नसतील.

मग तपासणी सुरू झाली. थर्मोस्टॅटची झडप तापल्यावर उघडते का हे बघायला गोकुळने तो शेजारच्या चहावाल्याच्या पातेल्यात उकळला. उघडला. मग चहावाल्याने ते पातेलं नुसतं विसळून त्यातच चहा टाकला आणि मला अर्धा ग्लास पुढे केला. मी तो कुंडीत ओतला. शेवटी रेडिएटर नवा बसवला, इंजिनमधून चार वेळा स्वच्छ पाणी फिरवून काढलं आणि हिरवं कूलंट भरलं. गोकुळ असीरगडाचा चढ चढून आला, काटा जागचा हलला नाही. आठवडाभर मी शाळेत नेली, तरी काही नाही.

रविवारी आबा बसले आणि दहा मिनिटांत काटा लालवर.

झाकण उघडलं तर आत पिवळं. नव्याकोऱ्या रेडिएटरमध्ये! मी बाटलीत नमुना घेतला आणि शाळेच्या लॅबमध्ये त्यात धुण्याचा सोडा टाकला. लालभडक झालं. हळदच... नववीच्या मुलांना दाखवतो तोच प्रयोग.

असे तीन रविवार गेले. मधल्या वारी गाडी ठणठणीत. चौथ्या रविवारी मी आबांसकट जीप थेट गॅरेजमध्ये घातली. गोकुळने ऑइल बघितलं, पंप बघितला, पट्टा दाबून बघितला, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात का बघितलं. सगळं ठीक. त्याने बॉनेट आपटून बंद केलं आणि नाक वर करून हुंगलं.

"सर, बॉनेट बंद आहे, तरी वास येऊनच राहिला. हा गाडीचा वास नाही."

तो आबांच्या बाजूला गेला. दार उघडून खाली उकिडवा बसला. "आबा, मोजा काढू का?"

आबांनी पाय आत ओढला. "मले काही नही झालं."

गोकुळने ऐकलं नाही. हात पुसले आणि मोजा हळूच सोलून काढला. अंगठ्याखाली भली मोठी जखम, कडेने काळी पडलेली, आणि आत ठासून भरलेली हळद. केव्हातरी पत्रा लागला होता. शुगरमुळे दुखलंच नाही.

मी गटाराशी जाऊन ओकलो. मागे आबांचा आवाज ऐकू येत होता. ते माझ्याशी नाही, गोकुळशी बोलत होते.

"याले किळस येते ना भाऊ. म्हनून नही सांगितलं."

त्या क्षणी मला माझी जी किळस आली, ती आजवर कशाचीच आली नव्हती. गाडीचा एकेक पाइप मी हुंगला होता. भर उन्हाळ्यात बाप मोजे घालून का बसतो, हे मात्र एकदाही विचारलं नाही. आणि तो पाय मांडीवर घेऊन बसला होता एक परका माणूस.

दोन बोटं काढावी लागली. पाय वाचला. अजून आठ दिवस गेले असते तर घोट्यापासून गेला असता, असं डॉक्टर म्हणाले.

त्यानंतर जीप एकदाही तशी तापली नाही. आबा शेजारी बसतात, कूलंट हिरवंगार. जुनी हळद इंजिनात अडकली असेल म्हणावं, तर ती फक्त आबा बसल्यावरच कशी सुटायची? वजनाने म्हणावं, तर आबांच्या दुप्पट वजनाचे केळीचे घड मी त्याच जीपमधून आणलेत. लॅबच्या कपाटात ती बाटली अजून आहे.

दर रविवारी आबांचे पाय मी धुतो. किळस गेली असं खोटं सांगणार नाही. येते. श्वास धरतो आणि बोटांच्या बेचक्या बघतो. आबा पुटपुटत राहतात.

मागच्या महिन्यात भर दुपारी शाळेतून एकटाच येत होतो आणि काटा सरसर लालवर गेला. गोकुळला फोन केला. तो येईपर्यंत मी रस्त्याच्या कडेला बसून बूट काढले, मोजे काढले. तो आला, मला अनवाणी बसलेलं बघितलं. समोर उकिडवा बसून त्याने माझे दोन्ही तळवे नीट बघितले.

"ठीक आहे सर," म्हणाला. मग त्याने बॉनेट उघडलं. फॅनचा पट्टा तुटला होता.