निळ्या आबांचं पेन

केदारखेड्याच्या आबांच्या सदऱ्यावर डाव्या खिशाखाली तळहाताएवढा निळा डाग असायचा. सदरा नवा असो की जुना, दिवाळी असो की कुणाचं तेरावं, डाग ठरलेला. गाव त्यांना ‘निळे आबा’ म्हणायचं, तेही तोंडावर, आणि आबा ओ द्यायचे. निजामाच्या अमदानीत मी त्या गावच्या शाळेवर मास्तर म्हणून गेलो. पहिल्याच भेटीत शहाणपणा करून म्हणालो, “आबा, तुमच्या खिशात काहीतरी सांडलंय.”

“सांडलं न्हाई मास्तर, सांडून राह्यलंय,” आबा म्हणाले आणि पुढं चालू लागले.

त्या खिशात एक विलायती पेन होतं. जाड, काळंभोर, टोपणाला सोन्याचं कडं आणि निबही सोन्याची. असलं पेन मी तोवर फक्त तालुक्याच्या मोठ्या साहेबाकडं पाहिलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला हेवा वाटला. आबांना तर स्वतःच्या नावापलीकडं एक अक्षर लिहिता येत नव्हतं. तरी दर सोमवारी ते शाळेत यायचे, माझ्या दौतीत पेन बुडवायचे आणि बाजूची दांडी उचलून त्याचं पोट भरायचे. लिहायचं काहीच नसे. आठवडाभर शाई झिरपून सदऱ्यात जायची, की पुन्हा सोमवार.

“मग भरता कशाला?” मी एकदा वैतागून विचारलं. शाई सरकारी होती, हिशेब मला द्यावा लागे.

“वाळू देऊ नका म्हन्ला व्हता तो,” आबा म्हणाले.

तो म्हणजे माणिक, त्यांचा एकुलता एक मुलगा. मी गावात येण्याआधीच तो गेला होता.

माणिक डावखुरा. घास डाव्या हातानं उचलला की आबा त्याचा तो हात पाठीमागं पटक्यानं बांधायचे. हे मला गावानं नाही, आबांनीच सांगितलं, खाली बघत. मराठी लिहिताना पोराचं मनगट ओल्या अक्षरांवरून फिरायचं, कागदभर फराटे व्हायचे आणि वर मार मिळायचा. पुढं भोकरदनच्या शाळेत उर्दू सुरू झाली. उजवीकडून डावीकडं जाणारी लिपी! पोराचा हात असा सुटला, की मौलवीसाहेब त्याचं अक्षर इतरांना दाखवू लागले. सुट्टीत घरी येऊन तो बापाला म्हणाला, “आबा, ही भाषा माझ्याच हातासाठी करून ठेवलीय बघा.” आबा म्हणायचे, त्या दिवशी आपल्याला भाकर गेली नाही.

तो हैदराबादला कॉलेजात निघाला तेव्हा आबा जालन्यापर्यंत पोचवायला गेले. गाडीला अवकाश होता. बाजारातल्या मोठ्या दुकानात शिरून म्हणाले, “सगळ्यात भारी पेन काढा. पोरगा डावा हाय माझा.” हे त्यांनी चारचौघांत मोठ्यानं सांगितलं. पोराची माफी मागायची रीत त्यांच्या पिढीत नव्हती. आबांनी पेन घेतलं.

पुढं हैदराबादला तापाची साथ आली आणि माणिक त्यात गेला. माती तिकडंच झाली. गावात आली ती त्याची पेटी. तिच्यात पुस्तकं, दोन पायजमे आणि हे पेन. नाव लिहायला माणिकनंच बापाला सुट्टीत पाटीवर शिकवलं होतं, आणि हे पेन वाळू देऊ नका, असंही तेव्हाच सांगितलं होतं. आबांनी उजव्या हातात पेन धरून ते काढायला घेतलं, तर नुसती खरखर. कागद फाटला. मग त्यांनी पेन डाव्या हातात घेतलं आणि शाई उतरली. त्या पोरानं निब आपल्या कलानं झिजवली होती. पोराचा जो डावा हात बांधून ठेवला, तसल्याच आपल्या डाव्या हातानं आबा म्हातारपणी आपलं नाव नव्यानं शिकले. तहशिलीत डाव्या हातानं सही करताना कारकून हसायचे. “हसू द्या,” आबा म्हणायचे, “त्याचं पेन दुसऱ्या हाताला रस्ता देत न्हाई.”

पण गळती वाढत चालली. निबेच्या मागं नळीला चीर गेली होती. भोकरदनच्या सोनारानं लाख लावून दिली, ती उन्हाळ्यात पातळ होऊन खाली आली. सकाळी भरलेलं पेन दुपारी कोरडं पडू लागलं, तसा आबांचा जीव खालीवर व्हायला लागला. शेवटी ते पेटीतला पेनाचा मूळ डबा घेऊन माझ्याकडं आले. आत कंपनीची चिठ्ठी होती, इंग्रजीत. मी वाचून दाखवली: कंपनी जन्मभर दुरुस्तीची हमी देते.

“कोनाच्या जन्माची, मास्तर? पेनाच्या का मालकाच्या?”

याचं उत्तर चिठ्ठीत नव्हतं. मी कंपनीला पत्र लिहिलं, आबा सांगत होते तसं. चीर गेलीय, शाई गळते, तेवढी बंद करून द्या. निबेबद्दल आम्ही काहीच लिहिलं नाही. निबेला काही झालंच नव्हतं ना! जालन्याला जाऊन पार्सल मुंबईच्या कचेरीकडं रवाना केलं. तिथून ते बोटीनं कारखान्यात जाणार होतं.

मग आबांचा सदरा पांढरा राहू लागला. त्यांची बायको माई पूर्णा नदीवरून धुणं आणताना म्हणाली, “सदरा धुतला का न्हाई तेच कळंना झालंय.” डाग घासून घासून तिची बोटं झिजली होती, पण तिच्या बोलण्यात सुटकेचा सूर नव्हता. आबा दर सोमवारी शाळेत यायचेच. दौतीकडं बघत बसायचे आणि उठून जायचे.

पेन आलं तेव्हा पाऊस संपून ज्वारी वर आली होती. काय चकाकत होतं! चीर गेलेली नळीच नवी घातलेली. आबांनी पोट भरलं, उलटं धरलं, झटकलं. एक थेंब पडला नाही. लहान मुलासारखे हसले. मग डाव्या हातात धरून नाव लिहिलं. झरझर उमटलं. आबा थांबले. त्यांनी पेन उजव्या हातात घेतलं आणि पुन्हा लिहिलं. तेही झरझर उमटलं.

“तुमी लिवा बरं,” ते मला म्हणाले. माझ्या हातातही ते लोण्यासारखं चाललं.

सोबतच्या पत्रात कंपनीनं अदबीनं कळवलं होतं, की निब एका अंगानं फार झिजलेली आढळल्यानं तीही बदलली आहे, आणि हमीप्रमाणे त्याचा खर्च बिलकुल नाही.

मी वाचून दाखवलं. आबांनी नव्या निबेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, “झिजलेलीच तर पायजे व्हती.”

मी त्याच दिवशी दुसरं पत्र लिहिलं. नवी निब परत घ्या, जुनी धाडा, जशी असेल तशी. त्या उत्तराची आबांनी पोराच्या कॉलेजच्या निकालाची पाहिली नसेल एवढी वाट पाहिली. उत्तर आलं: जुन्या निबा वितळवल्या जातात, क्षमस्व. मला आजही संताप येतो आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही. त्यांनी तर चांगलंच काम केलं होतं.

“आता हे कोनाच्याबी हाताला चालतंय,” आबा म्हणाले. “तुमाला असू द्या.” मी नको नको म्हणेपर्यंत ते पेन टेबलावर ठेवून निघूनही गेले. सोमवारचं त्यांचं येणं त्यानंतर बंद झालं.

पुढं एकदा जमिनीच्या कागदासाठी महसुलाचा गिरदावर गावात आला. चावडीत आबांचा पुकारा झाला, मी तिथं होतो. गिरदावरानं टाक पुढं केला.

“अंगठा घ्या,” आबा म्हणाले.

“काहून? तुमी तर सही करता की, आबा,” चावडीतलं कुणीतरी म्हणालं.

“ती मी न्हाई करत व्हतो.”

गिरदावरानं रिवाजाप्रमाणे त्यांचा डावा अंगठा धरला, शाईत दाबला आणि कागदावर उमटवला. कुणीतरी पुसायला फडकं दिलं. आबांनी ते घेतलं नाही. अंगठ्याकडं बघत उभे राहिले, मग तो हळूच पांढऱ्या सदऱ्याच्या डाव्या खिशावर पुसला. मला तिथं थांबवेना. मी चावडीमागं जाऊन रडलो, आणि मला कुणाची लाज वाटली नाही.