पोह्यांसकट अडकलेली आत्या

माझी कंबर माझं ऐकत नाही, ही गोष्ट सगळ्या धुळ्याला माहीत आहे.

नव्वद सालच्या आसपास आम्ही जळगावात मेहरूणला राहायचो. माझ्या भावाची मुलगी सुनंदा चांगली उंच. "एवढ्या उंच पोरीला नवरा कुठून आणायचा?" हे ऐकून ऐकून बिचारी पोक काढून चालायची. ऐन विशीत पाठदुखी! मला बघवेना. मी तेव्हा गल्लीतल्या योगवर्गाला जायचे. तिथले सर सांगायचे, "उठता-बसता शरीराकडे लक्ष ठेवा." मी ठेवायचे. (दुसऱ्यांच्या!)

"सुनंदा, खांदे मागे! खालचं उचलताना गुडघे वाकव, कंबर नव्हे!"

"आत्या, मी आणखी उंच दिसेन गं."

"आहेस तेवढीच दिसशील!"

पोरीनं मनावर घेतलं. हळूहळू पाठ दुखायची थांबली, चालण्यात डौल आला. आणि धुळ्याचं स्थळ आलं! वहिनी हवालदिल. "सुनंदा, आजच्या दिवस जरा वाकून उभी राहा गं."

"मुळीच नाही!" मी गरजले. "ती ताठच येईल. मी आहे ना!"

(मी होते, हीच तर अडचण होती.)

पाहुणे आले. मुलगा सोफ्यावर पार मुडपून बसलेला, शेजारी त्याची आई, अक्का. सुनंदा चहा घेऊन यायची होती. त्याआधी मी पोह्यांचा ट्रे घेऊन गेले, टीपॉयवर ठेवायला कंबरेतून वाकले आणि कट्ट! उसण भरली! ट्रे खाली ठेवता येईना, मला वर येता येईना.

अक्कांना वाटलं, मी पाया पडतेय. "सुखी ऱ्हाय माय!" म्हणत त्यांनी माझ्या पाठीवर प्रेमानं थाप मारली. नेमकी तिथेच!

"आई गं!" मी किंचाळले. पोहे थेट मुलाच्या मांडीवर!

सुनंदा लाजणं-बिजणं विसरून धावत आली. गुडघ्यांत वाकून तिनं माझ्या काखेखाली खांदा दिला. "आत्या, श्वास सोड. घाई नको. आता माझ्याबरोबर ऊठ." दुसऱ्या बाजूनं मुलगाही धरायला उठला. उठला तो उठतच गेला! दोघं ताठ उभे राहिले, तर डोक्याला डोकं बरोबर.

"माय वं! तू इतला उच्चा शे?" अक्का स्वतःच्याच मुलाकडे बघत राहिल्या.

"पोरी घाबरतात, म्हणून वाकतो," तो पुटपुटला. "पाठ दुखते पण."

"खांदे मागे घ्या," सुनंदा म्हणाली. "थांबेल." आणि दोघंही हसली.

बोलणी तिथंच पक्की झाली. अक्का खूश. "पोर सोनानी शे! इतकं छान उठणं-बसणं हिला शिकवलं तरी कोणी?"

"मीच!" मी मोठ्या अभिमानानं सांगितलं. सतरंजीवर पालथी पडून, दोन उशांच्या मधून.

पाहुणे हसायला लागले, ते चहा गार होईपर्यंत थांबले नाहीत.