पेशीचा अनुमोदक

साऱ्या परंडा तालुक्यात गुराच्या रक्ताच्या थेंबात काय चाललंय ते एकट्या आमच्या साडूभाऊंना दिसायचं, पण समोरच्याच्या तोंडावरची जांभई मात्र त्यांना जन्मात कधी दिसली नाही. ते गुरांचे डॉक्टर, मी गावच्या दूध सोसायटीचा सचिव. दोन सख्ख्या बहिणी आमच्या दोघांच्या घरात आल्या, एवढ्याच अपराधापायी मी हा माणूस वीस वर्षं सोसला. परभणीला शिकवणारा त्यांचा एक मित्र शास्त्राची जुनी इंग्रजी मासिकं पोस्टानं पाठवायचा. मासिक आलं की साडूभाऊ सायकल काढून थेट माझ्याकडं. मी जेवत असलो तर माझ्याच भाकरीवर चटणीचे ठिपके मांडून सांगायचे, "ही पेशी. अन् ह्या तिच्या अंगावरच्या खुंट्या." आमच्या सासऱ्यांच्या तेराव्यालाही त्यांनी पत्रावळीवर बुंदीच्या कळ्या मांडल्या. सासूबाई डोळे पुसता पुसता बघत राहिल्या. मी मान खाली घालून वरण ओरपत होतो.

ऐंशीचं दशक सरत आलं तसं त्यांच्या डोक्यात त्या खुंट्यांनी कायमचं घर केलं. "भाऊ, नुसता जंतू वळखून भागत न्हाय. लढणाऱ्या पेशीच्या एका खुंटीला त्याची वळख पटली, हा झाला सूचक. पण शेजारची दुसरी खुंटी हलवायला अनुमोदक पायजे. तो मिळाला की पेशी पेटून उठती, एकीच्या हजार होत्यात. न्हाय मिळाला तर झोपी जाती. मग तोच जंतू पुन्हा आला तरी उठत न्हाय." लस म्हणजे खऱ्या जंतूच्या आधी भरवलेली सभा, असं ते म्हणत. आणि चवताळलेल्या या फौजेला थांबवणारी आणखी एखादी खुंटी असणारच, असा त्यांचा स्वतःचा तर्क होता. त्यांच्या अंगावर तरी ती नव्हती, हे मी शपथेवर सांगतो.

त्या वर्षी दुष्काळात सोसायटीनं गुरांची छावणी उघडली होती. माझी एकुलती एक म्हैसही तिथंच बांधलेली. गुरांचा गळा सुजवणाऱ्या घटसर्पाची साथ यायच्या आत सगळ्या जनावरांना लस टोचायची, असा ठराव साडूभाऊंनी सभासद म्हणून सभेत मांडला. लस टोचली की दूध आटतं, ही लोकांची भीती. ती दोन वाक्यांत घालवता आली असती. "चार दिवस दूध कमी येईल, मग भरून येईल," एवढं म्हणून खाली बसावं की नाही? पण हा गृहस्थ तासभर खुंट्यांवर बोलला. चहा गार झाला, निम्मी माणसं तंबाखू मळायला बाहेर गेली. शेवटी चेअरमन कावून म्हणाले, "बास करा डाक्टर. अनुमोदक कोन हाय का?"

साडूभाऊंनी सरळ माझ्याकडं पाहिलं. मला ते दिसलं होतं. आज यांची खोड मोडायचीच, आणि कुणीतरी दुसरा हात वर करीलच, असं मनाशी म्हणत मी हात मांडीवरच ठेवला. कुणीच केला नाही. "अनुमोदकाअभावी ठराव बारगळला," हे वाक्य सभेच्या वहीत मीच माझ्या हातानं लिहिलं.

तीन आठवड्यांत छावणीत घटसर्प शिरला. साडूभाऊ दोन दिवस तिथून हलले नाहीत. इंजेक्शनं देऊन बरीच जनावरं त्यांनी वाचवली. माझी म्हैस वाचली नाही. गळा सुजून तिची घरघर थांबली तेव्हा तिचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. मला वाटलं, आता हे ऐकवणार, आणि मी ऐकून घेणार. ते एवढंच म्हणाले, "भाऊ, सकाळपासून तुमी उपाशी हाव. जेवून घ्या." मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

पुढच्या सभेत साडूभाऊ उठायच्या आधीच मी हात वर केला.

"आवं, अजून म्या काय मांडलंच न्हाय!"

"काहीही मांडा. माझं अनुमोदन आहे."

सभा हसली, तेही हसले, लशीचा ठराव मंजूर झाला. तरी ते तासभर बोललेच. पुढं कितीतरी वर्षं त्यांच्या बऱ्यावाईट सगळ्या ठरावांना अनुमोदक मीच होतो, आणि दरवेळी मनातल्या मनात चरफडत होतो.

ते गेले तेव्हा सोसायटीत शोकठराव आला. शोकठरावाला अनुमोदक लागत नसतो. सगळ्यांनी उभं राहायचं, दोन मिनिटं गप्प राहायचं, झालं. सचिव म्हणून इतकी वर्षं हे मीच इतरांना सांगत आलो. चेअरमननी ठराव वाचला, माणसं उठली, सभा गप्प झाली आणि माझा हात आपोआप वर गेला. शेजारच्यानं हळूच कोपर ओढलं. मी हात खाली घेतला नाही.