बाहेरची नटी, गावची पोरगी

मळवलीत ज्यांचे बंगले आहेत ते शनिवार-रविवारी येतात. मधल्या दिवसांत त्यांच्या स्विमिंग पूलमधली पानं मी काढतो. कितीही काढा, सकाळी परत तेवढीच! आमच्याकडच्या नाटकवाल्यांचे किस्से तसेच आहेत. एक सांगून मोकळं व्हावं तर वरून दुसरा टपकतो. आणि पाडणारी झाडं सगळी म्हातारी!

*

बारावीनंतर मी पुण्याच्या एका कॉलेजात नाट्यशास्त्राला ॲडमिशन घेतली. माझे वडील, आप्पा, कित्येक वर्षं गावच्या जत्रेतल्या नाटकात काम करतात. राजा, पाटील, इन्स्पेक्टर. नाटकात जे सगळ्यात मोठं असेल ते आप्पा.

"नाटक शिकाया कालेजात?" आप्पा म्हणाले. "आमी कुटं शिकलो? तरी करतो ना?"

"म्हणूनच चाललोय," मी म्हणालो.

त्यानंतर महिनाभर आमचं बोलणं बंद!

*

आमच्याच गावची शबनम माझ्याच वर्गात होती. तिच्या वडिलांचं, रफिकभाईंचं, कुसगावला चिक्कीचं दुकान आहे.

पहिल्या सेमिस्टरला एका मॅडमनी आम्हाला एकच नाटक तीनदा दाखवलं. एकदा पहिल्या रांगेतून, एकदा विंगेतून, एकदा लाइटच्या केबिनमधून. मला वाटलं, बाईंकडं दुसऱ्या नाटकाचे पास नसतील. तिसऱ्या वेळी शबनमनं माझा दंड घट्ट धरला. स्टेजवर सासरा ओरडत होता, आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या सुनेवरचा उजेड हळूहळू कमी होत होता. पहिल्या रांगेत बसून आम्ही नुसतं सासऱ्याचं तोंड बघत बसलो होतो!

"आपण आजवर नाटक ऐकतच होतो रे," ती म्हणाली. "बघितलं कुठं?"

कॉलेजची सगळी फी या एका वाक्यात वसूल झाली. ते वाक्यही कॉलेजचं नव्हतंच म्हणा!

*

त्याच वर्षी चैत्रात गावची जत्रा. आमच्या नाटकात पुरुष गावचे आणि नटी बाहेरची, अशी पद्धत आहे. ती सकाळी येते, एकदा वाचन करते, संध्याकाळी मेकअप करून उभी राहते. स्टेजच्या मधोमध एकच माईक टांगलेला. ज्याला बोलायचं त्यानं माईकखाली यायचं, बोलून झालं की बाजूला व्हायचं. एस.टी.च्या तिकीट खिडकीसारखं!

त्या वर्षी नाटकात नवरा मेल्याची बातमी आली. नटी बिचारी आधी माईकपर्यंत चालत गेली, तिथं आप्पा उभे होते म्हणून थांबली, आप्पा सरकल्यावर मग तिनं हंबरडा फोडला.

आप्पांनी घरी येऊन विचारलं, "काय रं, कसं झालं?"

"मेलेला तेवढा नैसर्गिक वाटला, तो स्टेजवर आलाच नाही," मी म्हणालो.

*

आता मी कॉलेज का सोडलं ते. आमचे विभागप्रमुख 'नाट्यास्वाद' शिकवायचे. म्हणजे नाटक कसं बघावं. कसं, तर पिवळ्या पडलेल्या कागदावरून वाचून दाखवलेलं उतरवून घ्यावं! मी त्यांना एकाही प्रयोगाला कधी बघितलं नाही.

एकदा त्यांनी मला बोलावून घेतलं. "तुझी हजेरी भरत नाही. माझ्या तासाला कुठं असतोस?"

"सर, सकाळचे प्रयोग बघायला जातो."

"ते अभ्यासक्रमात नाही."

मी सोडलं. शबनम राहिली. तिला माझ्यापेक्षा सहनशक्ती जास्त. पोरींना ठेवावीच लागते.

*

पुढच्या जत्रेला कमिटीनं मला दिग्दर्शक केलं. गुणांमुळं नव्हे, फुकट होतो म्हणून! मंदिरात मीटिंग बसली. कमिटीचे अध्यक्ष भाऊ. गावात त्यांच्या शब्दाबाहेर कुत्रंसुद्धा भुंकत नाही. मी म्हणालो, "यंदा नटी बाहेरून नको. शबनम करेल. ती शिकतेय तेच."

भाऊंनी पान तसंच तोंडात धरलं. "गावची पोरगी? स्टेजवर? लोक काय म्हन्तील?"

"भाऊ, बाहेरून येणारी नटी पण कुठल्यातरी गावची पोरगीच आहे ना?"

"व्हय. पन आपल्या न्हाई ना!"

सगळ्या मंदिरानं माना हलवल्या. असं वाक्य बोलताना या माणसांना कसं काहीच वाटत नाही?

*

मी रफिकभाईंकडं गेलो. ते म्हणाले, "माझी काय ना न्हाई. गाव व्हय म्हनलं, की माझं व्हय." भाऊंकडं आलो. भाऊ म्हणाले, "आमची काय ना न्हाई. तिचा बाप व्हय म्हनू दे."

मग मी दोघांना दुकानातच समोरासमोर बसवलं. चहा आला. दोघं तासभर बोलले. शनिवारच्या ट्रॅफिकवर, भुशी डॅमच्या गर्दीवर, शेंगदाण्याच्या भावावर. निघताना एकमेकांच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघांनी मला वेगवेगळं सांगितलं, "बग, त्यांनी काय इषयच काढला न्हाई!"

शबनम आतून सगळं ऐकत होती. बाहेर येऊन म्हणाली, "माझ्याच गावात मला एकदा उभं राहायचंय. पुण्यात दहा वेळा राहिले, त्याचं काय करू?"

*

शेवटी बाहेरच्या नटीची त्याच तारखेला दुसरी जत्रा निघाली, म्हणून शबनमला घेतलं. तेही अट घालून. "काम करू दे," भाऊ म्हणाले, "पन नाव पुकारायचं न्हाई. बोर्डावर बी न्हाई."

फ्लेक्स मात्र एवढा मोठा लागला की मंदिर दिसेना. त्यावर शुभेच्छुक म्हणून सगळी कमिटी, गॉगल घालून. काम करणाऱ्या एकाचंही नाव नाही.

मी भांडायला निघालो तर शबनमनंच अडवलं. "राहू दे. स्टेजवरून कशी हाकलतील?"

*

तालमीत आप्पांचा वेगळाच नियम. पब्लिकला पाठ दाखवायची नाही. पुढं पाव्हणे बसलेले असतात, अपमान होतो! आमच्या नाटकात आप्पा बापाच्या कामात. मुलगी शिकून परत येते, तो तिला विचारतो, "कुणाला इचारून आलीस?" आणि रागानं निघून जातो. पब्लिककडं तोंड ठेवून, मागं मागं सरकत!

"आप्पा, रागावलेला माणूस असा जातो का?"

"संस्कार असले की जातो," म्हणाले, आणि मागं सरकता सरकता सोफ्यावरून उलटे पडले.

*

जत्रेत दहाला स्पीकर बंद करावा लागतो, म्हणून नाटक दिवेलागणीलाच सुरू केलं. आप्पांनी तो प्रश्न विचारला आणि मागं मागं सरकत विंगेत गेले. स्टेजवर शबनम एकटी. इथं ती बराच वेळ काही बोलत नाही, नुसती समोर बघते, आणि मग उत्तर देते. नाटक त्या उत्तरासाठीच लिहिलं होतं.

पण आमच्याकडं स्टेजवर कुणी बोलत नाही म्हणजे सत्काराची वेळ झाली! भाऊ शाल-नारळ घेऊन थेट वर चढले. मागोमाग मुंबईचे एक बंगलेवाले शेठ पायरीवर येऊन थांबले. मी विंगेत आईबहिणीवर आलो होतो.

भाऊ माईकखाली गेले. "मंडळी, आज आपल्यात..."

शबनम भूमिकेतून तसूभर हलली नाही. आप्पांकडं जसं बघितलं होतं तसंच सावकाश वळून भाऊंकडं बघितलं.

भाऊंचं वाक्य तिथंच राहिलं. एकदा शालीकडं बघितलं, एकदा तिच्याकडं. पलीकडच्या विंगेतून आप्पा दबक्या आवाजात ओरडले, "भाऊ, सत्कार! शेठ उभं हायेत!"

भाऊंनी माईकखालूनच, मान न वळवता हात वर केला.

"थांब रं आप्पा. शबनम काय म्हन्ती ते ऐकू दे."